शेजारणीच्या घरट्यातली अंडी

२००५ सालच्या जूनमध्ये आम्ही दोघे, म्हणजे हे टिपण जोडीने लिहिणारे नवराबायको, एका तालुक्याच्या गावी आलो. दोघांपैकी एकाला तिथल्या महाविद्यालयात मराठीच्या अधिव्याख्यात्याची जागा मिळाली होती. दुसरीला पुढची सहा वर्षे तासिका तत्त्वावर काढायची होती, पण ते तेव्हा ठाऊक नव्हते. महाविद्यालय सुरू व्हायला चार दिवस होते आणि तेवढ्या अवधीत राहायला जागा शोधायची होती. गावात ओळखीचे कोणी नाही. खोल्या पाहाव्यात तर नुकताच चुना मारलेली प्रत्येक खोली सारखीच दिसते. पाणी किती दिवसांआड येते, पावसाळ्यात कोणती भिंत पाझरते, हे घरमालक आपण होऊन सांगत नाही. तो आपले आडनाव मात्र आधी विचारतो. अखेर स्टँडसमोरच्या चहावाल्याने तोडगा सुचवला. "वीज मंडळाचा वायरमन ऱ्हातो ना, त्या गल्लीत बघा. तिथली लाइट जात नाही."

आम्ही त्याच गल्लीत राहिलो. वायरमनच्या आणि आमच्या आयुष्यात समान असे फारसे काही नव्हते, पण रात्री उजेड दोघांनाही लागे. ही आठवण आम्ही पुढे कित्येकदा गंमत म्हणून सांगितली. ती सांगताना आपण एखाद्या शास्त्रीय प्रश्नाच्या आसपास वावरत आहोत अशी शंका येण्याचे कारण नव्हते. ती आणून दिली गेल्या वर्षी प्राणिशास्त्र विभागातल्या आमच्या एका स्नेह्यांनी, स्टाफरूममध्ये, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर चहाचा कप ठेवून. "सर, तुमची गोष्ट पक्ष्यांची आहे," ते म्हणाले.

त्यांनी सांगितले ते असे. उत्तर युरोपातल्या जंगलांत टिट नावाचे लहान पक्षी वर्षभर राहतात. बर्फात, अंधारात, उपासमारीतही ते तिथेच असतात. त्यांतल्या 'ग्रेट टिट'ची अगदी जवळची बहीण आपल्या सह्याद्रीतही दिसते. डोके काळे, गाल पांढरेशुभ्र. आता ती वेगळी प्रजाती मानतात, पूर्वी दोघींना एकच समजत. त्याच जंगलांत मे महिन्यात एक पाहुणा येतो. काळापांढरा माशीमार. हिवाळा तो पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि हजारो किलोमीटर उडून फिनलंडसारख्या देशात विणीसाठी पोचतो. उत्तरेतला उन्हाळा अगदी आखूड. अंडी उशिरा घातली तर पिल्लांच्या भुकेच्या दिवसांपर्यंत अळ्यांचा हंगाम ओसरलेला असतो. म्हणजे पाहुण्याजवळ वेळ नाही, माहिती नाही, आणि निर्णय तर वर्षाचा आहे. कोणत्या झाडीत अन्न चांगले, कुठे शिकारी कमी, हे स्वतः पडताळत बसला तर हंगाम हातचा गेला.

मग तो काय करतो? रहिवाशांकडे पाहतो. मिक्को मॉन्ककोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उत्तर फिनलंडच्या जंगलातल्या टिट पक्ष्यांची संख्या मुद्दाम बदलून पाहिली आणि स्थलांतरित पक्ष्यांवर त्याचा काय परिणाम होतो ते तपासले. तोवर पुस्तकी समजूत अशी की एकच अन्न खाणारे, एकसारख्या ढोलीत घर करणारे दोन जातींचे पक्षी परस्परांपासून दूर राहणार, कारण ते प्रतिस्पर्धी आहेत. या प्रयोगाने उलट बाजू दाखवली: टिट जास्त, तिथे पाहुणे जास्त. रहिवासी सुखाने नांदतो आहे, याचा अर्थ जागा चांगली असणार, एवढे अनुमान पाहुण्याला पुरते. पुढे २००२ साली युक्का फोर्समन, यान्ने-टुओमास सेप्पानेन आणि मॉन्ककोनेन यांनी दाखवले की टिटच्या शेजारी घर केलेल्या माशीमारांची वीण एकट्यादुकट्या राहणाऱ्यांपेक्षा लवकर सुरू होते, पिल्ले अधिक होतात आणि ती अंगाने भरलेलीही असतात.

या वर्तनाला इंग्रजीत जे नाव आहे त्याचे मराठी करताना आमची थोडी अडचण झाली. 'परजाती-आकर्षण' हा शब्द सरळ सुचतो, पण आपल्या भाषेत 'परजाती' म्हटल्याबरोबर पक्षी उडून जातात आणि आडनाव विचारणारा घरमालक समोर उभा राहतो. 'भिन्नप्रजातीय' म्हणावे तर वाक्य पाठ्यपुस्तकी होते. असो. पक्ष्यांना तो प्रश्न नाही.

आमच्या वायरमनच्या दाखल्यात मात्र स्नेह्यांनी एक दुरुस्ती केली, ती नोंदवलीच पाहिजे. वायरमन हा टिट नव्हे, तो कोतवाल. आपल्याकडे काळा कोतवाल पक्षी ज्या झाडावर घरटे करतो त्याच झाडावर हळद्या, होला, बुलबुल असे गरीब स्वभावाचे पक्षीही घरटे करतात. कोतवाल कावळ्याला आणि शिक्र्याला अंगावर धावून जातो, आणि त्याच्या दराऱ्यात इतरांची अंडी वाचतात. पक्ष्याला हे नाव देणाऱ्या लोकांनी ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी हेरली असणार. कोतवाल असल्यामुळे झाड सुरक्षित होते. वायरमन असल्यामुळे गल्लीत उजेड राहतो. टिटचे तसे नाही. तो जागा चांगली करत नाही, जागा चांगली असल्याची फक्त खूण देतो. एक आधार झाला, दुसरा पुरावा. हा भेद आम्हांला फार आवडला, कारण वाङ्मयीन 'प्रभाव' या नावाखाली आपण वर्गात या दोन्ही गोष्टींची सरमिसळ करीत असतो.

२००७ साली सेप्पानेन आणि फोर्समन यांनी केलेला प्रयोग तर साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. जंगलात लाकडी पेट्या टांगलेल्या असतात आणि टिट व माशीमार दोघेही त्यांत राजीखुशीने घर करतात. टिट बसलेल्या पेट्यांच्या तोंडाशी संशोधकांनी पांढऱ्या रंगाची एक आकृती लावली, समजा त्रिकोण. आणि शेजारी एक रिकामी पेटी टांगून तिच्यावर दुसरी आकृती, समजा वर्तुळ. दुसऱ्या झाडीत हेच उलट. पाहणाऱ्याला वाटावे की इथल्या टिटांनी वर्तुळ नाकारून त्रिकोण पसंत केला आहे. वास्तविक टिटांना त्या आकृतीशी काही देणेघेणे नव्हते. ती त्यांच्या दारावर मागाहून चिकटवलेली. मग नव्याने येणाऱ्या माशीमारांसाठी रिकाम्या पेट्यांच्या जोड्या ठेवल्या, एकीवर त्रिकोण, दुसरीवर वर्तुळ. आणि माशीमाराच्या माद्या रहिवाशांच्या चिन्हाकडे झुकू लागल्या. सुरुवातीला आलेल्यांत हा कल नव्हता. हंगाम जसा पुढे सरकला तसा तो वाढत गेला. ज्यांना उशीर झाला होता त्यांनी अधिक पाहिले, किंवा रहिवाशांच्या निवडीवर अधिक भरवसा ठेवला.

त्रिकोणात अर्थ नाही. निसर्गात त्या माशीमाराच्या कोणत्याही पूर्वजाने ढोलीवर रंगवलेला त्रिकोण पाहिलेला नाही. म्हणजे ही खूण निव्वळ संकेत आहे. चिन्ह आणि आशय यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे नाव घेऊन आम्ही दरवर्षी एम. ए.च्या वर्गात फळ्यावर लिहितो. ते पंधरा ग्रॅमदेखील वजन नसलेला पक्षी असा वापरून दाखवील असे वाटले नव्हते.

ऐकताना आमची पहिली प्रतिक्रिया मात्र मास्तरांना शोभेल अशीच झाली. "म्हणजे कॉपीच की," आमच्यापैकी एक जण म्हणाला. स्नेह्यांनी कप खाली ठेवला. "थांबा, पुढचं ऐका."

पुढचे ते २०११ सालचे. सेप्पानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग चार वेगवेगळ्या प्रदेशांत केला आणि या वेळी टिटच्या घरट्यात अंडीपिल्ली किती, हेही मोजले. ज्या टिटचा संसार भरलेला, त्याचे चिन्ह माशीमारांच्या माद्यांनी उचलले. संख्या जितकी अधिक तितके अनुकरण अधिक. एका प्रदेशात तर सर्वांत भरलेल्या घरट्यांचे चिन्ह जवळजवळ सगळ्यांनीच घेतले. आणि ज्या टिटच्या घरट्यात सर्वांत कमी, त्याचे चिन्ह त्यांनी टाळले. नुसते दुर्लक्ष केले असे नव्हे. त्याच्या उलट चिन्हाची पेटी निवडली. चारही ठिकाणी हेच.

याला कॉपी म्हणता येईल का? राजशेखराने 'काव्यमीमांसे'त हरणाचे, म्हणजे दुसऱ्या कवीकडून घेण्याचे, किती बारकाईने प्रकार पाडले आहेत हे आपण जाणतोच. प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य, तुल्यदेहितुल्य आणि परपुरप्रवेशसदृश. शेवटचे नाव तर या पाहुण्याला किती साजते पाहा. परक्याच्या नगरात प्रवेश. परंतु राजशेखराचे सारे वर्गीकरण घेतलेल्या वस्तूचे आहे: काय घेतले, किती बदलून घेतले, मूळ कितपत ओळखू येते. घेणाऱ्याने देणाऱ्याचे घरटे आधी डोकावून पाहिले होते काय, हा प्रश्न त्यात मध्यवर्ती नाही. माशीमारापुरता तोच मध्यवर्ती आहे. टिट बाहेर गेली की तो तिच्या घरात शिरतो, पाहतो, आणि त्या पाहण्यावरून घ्यायचे की नाकारायचे हे ठरते. ज्याला आपण अनुकरण म्हणतो त्याच्या पोटात एक निवाडा दडलेला आहे. आम्ही शोधप्रबंधांच्या आराखड्यांवर 'विषयात नावीन्य नाही' असा शेरा आजवर किती सढळ हाताने मारला, हे त्या दिवशी आठवून पाहिले. त्यांतल्या किती मुलांनी आधीच्या प्रबंधाची केवळ नक्कल केली होती आणि किती जणांनी तो उघडून, अंडी मोजून, मग तो परिसर निवडला होता, हे आता कळायला मार्ग नाही. आम्ही विचारलेच नव्हते.

आमच्या स्वतःच्या एम. ए.च्या दिवसांत आम्ही दुसरे काय करीत होतो? विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भग्रंथांच्या कपाटासमोर उभे राहिले की लेखकांची निम्मी नावे अनोळखी असत. मग पुस्तक उघडायचे ते मागच्या बाजूने. शेवटच्या पानाला चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के दाट असले की ते पुस्तक घरी न्यायचे. कार्डावर इतिहासाच्या किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांची नावे दिसली तर अधिकच आनंद, कारण आपल्या विभागातली नावे म्हणजे बहुधा परीक्षा. परक्या विभागातला माणूस मराठीचे पुस्तक नेतो तो काहीतरी मिळते म्हणूनच. अनेक चांगली पुस्तके आम्हांला अशीच सापडली.

स्नेह्यांनी शेवटची गोष्ट सांगितली ती मात्र चहा संपल्यावर, उठता उठता. या शेजारात टिटला फायदा नाही, तोटाच आहे. पाहुणा तिच्याच अळ्या खातो, तिच्याच सारखी ढोली त्याला हवी असते. त्याच्या शेजारात टिटच्या पिल्लांची आबाळ होते असे अभ्यासांत दिसले आहे. अंडी घालण्याच्या दिवसांत ग्रेट टिट आपली अंडी केसांनी, लोकरीने झाकून ठेवते. ती थंडीपासून वाचावीत म्हणून, असे वाटणे साहजिक. २०१४ साली ओल्ली लौकोला आणि सहकाऱ्यांनी वेगळीच शक्यता तपासली. काही घरट्यांजवळ त्यांनी माशीमार आल्याचा आभास निर्माण केला; काहींजवळ निरुपद्रवी अशा दुसऱ्याच एका पक्ष्याचा. माशीमार दिसला तिथे टिटने अंड्यांवर अधिक केस आणून घातले. अंडी झाकणे म्हणजे माहिती झाकणे होते. आपले किती बरे चालले आहे हे शेजाऱ्याला कळू नये.

आणि एवढ्यावर न भागले तर? डोकावणारा माशीमार घरात सापडला तर टिट त्याला ठार मारते. ती वजनाने दीडपट भरते आणि तिची चोच दणकट. नेदरलंड्समधील दहा वर्षांच्या नोंदींवरून येल्मर साम्प्लोनियस आणि क्रिस्टियान बोथ यांनी २०१९ साली दाखवले की सौम्य हिवाळ्यांमुळे टिटची संख्या वाढली आणि दोघांचे विणीचे दिवस एकमेकांवर आले, की असे मृत्यू वाढतात. एखाद्या वर्षी शंभरातले आठ-नऊ नर माशीमार असे मेले. हवामान बदलले की शेजारही बदलतो.

आम्ही दोघे त्या संध्याकाळी घरी येताना फारसे बोललो नाही. कारण दोघांनाही एकच गोष्ट आठवत होती.

आमच्या विभागात दोन वर्षांपूर्वी एक तरुण सहकारी तासिका तत्त्वावर रुजू झाली. सेट उत्तीर्ण, दोन महाविद्यालयांत मिळून तास घेणारी, एस. टी.ने ये-जा करणारी. तासांचे पैसे वर्षअखेरीस, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नाही. पीएच. डी.साठी विषय ठरवायला तिला एवढी मे महिन्याची सुट्टी काय ती मिळणार होती. आम्ही मात्र पंधरा वर्षे सवडीने एक काम करीत आलो आहोत: गावातल्या एका जुन्या वाचनालयाच्या माळ्यावर सापडलेल्या नियतकालिकांच्या फायलींची कार्डसूची. अकराशेच्या वर कार्डे झाली आहेत. त्यांत कोणी हात घालील तर एकाच नव्हे, तीन प्रबंधांचे विषय निघतील.

एके दिवशी ती विभागात आली. टेबलावर कार्डांचा डबा उघडाच होता. "मॅडम, सध्या तुमचं काय चाललंय?" तिने विचारले.

"काही विशेष नाही गं. जुनंच, आवराआवर," आमच्यापैकी एक म्हणाली, आणि दुसऱ्याने, काही न बोलता, डब्यावर आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र ठेवले.

ठरवून केलेले नव्हते. किंबहुना ते केल्याचे त्या क्षणी जाणवलेही नाही. सहा वर्षे तासिका तत्त्वावर काढलेली बाई आणि त्या सहा वर्षांत व्यवस्थेला शिव्या देणारा तिचा नवरा, दोघांनी मिळून एका वर्तमानपत्राने ते काम केले. एकदा आमच्यापैकी एकीनेही असेच कुणाला तरी विचारले होते आणि असेच गुळमुळीत उत्तर मिळाले होते. तेव्हा त्या उत्तराचा राग कित्येक महिने पुरला.

पक्ष्यांवरून माणसांचे निष्कर्ष काढू नयेत, हे स्नेह्यांनी आम्हांला दोनदा बजावले आहे, आणि ते योग्यच आहे. टिटला पाच-सात आठवड्यांत पिल्ले वाढवायची असतात, आणि अळ्या मोजक्याच असतात; तिचे झाकणे तिच्या जागी रास्त आहे. आमच्या माळ्यावरच्या फायली कोणी वाचल्याने कमी होणाऱ्या नव्हत्या. मग आम्ही काय राखत होतो? कार्डे, की पंधरा वर्षे आम्ही इथे काढली याचा पुरावा? या प्रश्नावर आमचे दोघांचे एकमत झालेले नाही. एकाचे म्हणणे, मेहनत ज्याची त्याची, आणि सूची प्रसिद्ध होईपर्यंत ती दाखवणे शहाणपणाचे नाही. विद्यापीठीय जगात हे सगळेच करतात. दुसरीचे म्हणणे, सगळेच करतात म्हणूनच तर अंडी मोजायला लोकांना चोरून आत शिरावे लागते.

गेल्या महिन्यात ती पुन्हा आली. तिने विषय निवडला होता. त्या नियतकालिकाचाच. आम्ही चकित होऊन विचारले, हे कुठून सुचले? ती म्हणाली, "वाचनालयाच्या देवघेवीच्या रजिस्टरमध्ये बघितलं. त्या माळ्याची किल्ली पंधरा वर्षं फक्त तुम्हीच नेताय, सर. म्हटलं, तिथं काहीतरी असणार."

आम्ही डबा कपाटातून काढला. पहिल्या तीनशे कार्डांच्या झेरॉक्स तिला दिल्या आहेत. उरलेली अजून आमच्याकडेच आहेत. आणि त्यांवर वर्तमानपत्र नसले, तरी कपाटाला कुलूप आहे. ती येत्या सोमवारी, दुसऱ्या महाविद्यालयातला तास संपवून, सव्वादोनच्या गाडीने येणार आहे.